पत्रकं वाटूनही विजेचा वापर का घटत नाही?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सुमारे दोनशे घरांच्या एका वसाहतीत ऊर्जाबचतीची मोहीम झाली. पत्रकं वाटली, व्याख्यान ठेवलं, मुलांची चित्रस्पर्धा घेतली. काही महिन्यांनी पाहिलं तर एकूण वापर जिथल्या तिथे. आता लोकांना प्रवृत्त करायला आणखी काय करावं? बक्षीस ठेवावं का? कोणाचा वापर किती, याची यादी फलकावर लावावी का?

सोबत पत्रकाचा मजकूर दिलात ते बरं झालं, कारण गोम त्यातच आहे. बारा सूचना आहेत आणि बाराही एकाच मापाच्या. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा, मोबाइलचा चार्जर सॉकेटमधून काढा, फ्रिजचं दार वारंवार उघडू नका, गरम पाणी जपून वापरा... वाचणारा यातल्या सगळ्यात सोप्या दोन उचलतो, इमानेइतबारे पाळतो आणि आपल्या वाट्याचं काम झालं म्हणून निश्चिंत होतो. त्या दोन हमखास दिवा आणि चार्जर. म्हणजे लोकांनी तुमचं ऐकलं नाही असं नाही. ऐकलं, पण ऐकून हाती येण्यासारखं त्यात फार नव्हतं.

हिशोब करून बघा. हल्लीचा बरा चार्जर फोन न लावता नुसता सॉकेटमध्ये राहिला, तर साधारण ०.१ वॅट खातो. वर्षभर, चोवीस तास तसाच राहिला तरी एक युनिटही भरत नाही. आता आंघोळ घ्या. शॉवरमधून मिनिटाला १२ लिटर पाणी येतंय, ते २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवलेलं आहे आणि माणूस दहा मिनिटं उभा आहे. साध्या विजेच्या हीटरवर याला सुमारे २.८ युनिट लागतात. शॉवरचं तोंड बदलून मिनिटाला ७ लिटरचं बसवलं, तर तेवढ्याच आंघोळीला १.६ युनिट पुरतात. एका माणसाच्या एका आंघोळीत वाचलेली ही सव्वा-एक युनिट म्हणजे वर्षभर चार्जर काढत-घालत बसण्याच्या कष्टांपेक्षा जास्त. तेवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा पाच दिवस अखंड जळेल. पत्रकात मात्र दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी, एकाच टाइपात.

हा गोंधळ सगळीकडचाच आहे. अमेरिकेत शहझीन अत्तारी आणि सहकाऱ्यांनी ५०५ लोकांना विचारलं, की कोणत्या उपकरणाला किती ऊर्जा लागते आणि कशानं किती वाचते. २०१० साली त्याचे निष्कर्ष आले. छोट्या खर्चाच्या गोष्टी लोकांना आहेत त्याहून किंचित मोठ्या वाटत होत्या आणि मोठ्या खर्चाच्या फारच लहान. सरासरी काढली तर लोकांचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर होता. सगळ्यात परिणामकारक उपाय कोणता, या प्रश्नाला सर्वाधिक आलेलं उत्तर दिवे बंद करण्याचं. कारण उघड आहे. दिवा दिसतो. पाणी तापवणारी कॉइल टाकीच्या पोटात असते.

तेव्हा पुढची मोहीम काढण्याआधी पाच-दहा घरांत जाऊन मीटरसमोर उभे राहा. मी घरोघरच्या ऊर्जा-तपासणीत हीच गोष्ट आधी करतो, कारण यात भाषण लागत नाही. बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. मग मिनिटाला एक लुकलुक म्हणजे १८.७५ वॅट. घरातल्यांना सांगायचं, की झोपताना जे जे बंद करता ते सगळं बंद करा. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबेपर्यंत वाट पाहायची आणि घड्याळ लावून एक मिनिट मोजायचं. आठ लुकलुक आल्या, की दीडशे वॅट. सगळं बंद असताना! हा भार दिवसरात्र राहिला तर महिन्याला १०८ युनिट होतात. मग घरातलेच शोधाला लागतात. सेट-टॉप बॉक्स, राउटर, कोणी ऐकत नसतानाही चालू असलेला साउंडबारचा अ‍ॅम्प्लिफायर, माळ्यावरचा जुना फ्रीझर, टाकीचं पाणी दिवसभर फिरवत राहणारा छोटा पंप. एकेक प्लग काढायचा आणि पुन्हा मोजायचं. सापडणारी गोष्ट दर घरी वेगळी असते, म्हणून सगळ्यांना एकच पत्रक वाटण्यात अर्थ कमी.

घराघरांतला फरक किती असतो, याचा दाखला जुना आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत १९७०च्या दशकात प्रिन्स्टनच्या संशोधकांनी एकाच नकाशावर बांधलेल्या, शेजारीशेजारी असलेल्या घरांचा वापर तपासला. घरं हुबेहूब सारखी, पण काहींचा तापवणीचा खर्च इतरांच्या दुप्पट. घर तेच ठेवून राहणारे बदलले, की आकडाही बदलायचा.

आता ‘प्रवृत्त’ करण्याबद्दल. माझ्या मते तुम्ही या शब्दावर गरजेपेक्षा जास्त भार टाकता आहात. मिशिगनमध्ये झालेला एक प्रयोग या कामातल्या प्रत्येकानं ध्यानात ठेवावा असा आहे. तिथे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना घराचं उष्णतारोधन आणि घर तापवणारी नवी भट्टी पूर्ण फुकट मिळण्याची सरकारी योजना होती. संशोधकांनी हजारो कुटुंबांमागे माणसं लावली. घरी भेटी, फोन, अर्ज भरून देण्यात मदत, भेटीच्या वेळा ठरवून देणं. एवढं करून योजना घेणाऱ्यांचं प्रमाण एक टक्क्याच्या आतून जेमतेम सहा टक्क्यांवर गेलं. फुकट असून! आडवी आली ती कटकट. उत्पन्नाचे दाखले, अर्ज, तपासणीसाठी घरी थांबणं, कामगार घरात फिरणं, सामान हलवणं. इच्छा आणि कृती यांच्यामध्ये असा कागदांचा आणि वेळेचा ढिगारा असेल, तर दहा व्याख्यानं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून मी सहसा उलट्या टोकानं सुरुवात करतो. वसाहतीसाठी एकच काम निवडायचं, ज्यात युनिट खरोखर आहेत, आणि ते लोकांच्या दारात नेऊन ठेवायचं. शॉवरची कमी प्रवाहाची तोंडं निवडलीत, तर ती एकगठ्ठा आणा, प्लंबरला सोबत घ्या, दोन शनिवार ठरवा आणि प्रत्येक घराला वेळ आधीच देऊन टाका. ज्यांना नको ते कळवतील. ‘हवं असल्यास नाव नोंदवा’ आणि ‘नको असल्यास कळवा’ यांत प्रतिसादाचा जमीन-अस्मानाचा फरक पडतो. अर्थात, नको म्हणणं खरंच सोपं हवं. गुपचूप गळ्यात मारलेली गोष्ट लोक महिन्याभरात काढून फेकतात.

मुळात ठेवलेल्या सेटिंगची ताकदही हीच. पॅरिसमध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या कार्यालयात हिवाळ्यात थर्मोस्टॅटचं मूळ तापमान एका अंशानं खाली आणलं, तेव्हा बहुतेकांनी त्याला हात लावला नाही. दोन अंशांनी आणलं तेव्हा लोकांना थंडी वाजली, त्यांनी बटणं फिरवली आणि फायदा बराचसा गेला. भारतात स्टार लेबलच्या नव्या रूम एसींना २०२० च्या जानेवारीपासून २४ अंश हे मूळ तापमान बंधनकारक केलं, त्यामागे हाच विचार आहे. बदलायची मुभा आहे, पण सुरुवात २४ पासून. घरच्या गीझरला, वॉशिंग मशीनच्या धुलाईला, कॉम्प्युटरच्या झोपेला ही युक्ती तशीच लागू पडते. एक इशारा मात्र देऊन ठेवतो. साठवणीच्या गीझरचं तापमान ७५ वरून खाली आणा, पण ६० च्या खाली नको. कोमट साठलेल्या पाण्यात लेजिओनेला हे न्यूमोनिया करणारे जिवाणू वाढतात. बचतीच्या उत्साहात कोणी टाकी ४५ वर ठेवा म्हणून सांगत असेल, तर त्याला थांबवा.

यादी फलकावर लावण्याच्या प्रश्नाचं उत्तर: नावानिशी लावू नका. शेजाऱ्यांशी तुलना मात्र जरूर करा. हे दोन वेगळे विषय आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेला सॅन मार्कोस, कॅलिफोर्निया इथला प्रयोग या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. वेस्ली शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी घरांच्या दारावर चिठ्ठ्या अडकवल्या: तुमचा वापर इतका, तुमच्या भागातली सरासरी इतकी. सरासरीच्या वर असलेल्यांनी वापर कमी केला. पण सरासरीच्या खाली असलेल्यांनी तो वाढवला. आपण उगाच कळ सोसतोय, असं त्यांना वाटलं असणार. मग काही चिठ्ठ्यांवर कमी वापरणाऱ्यांसाठी हसरा चेहरा आणि जास्त वापरणाऱ्यांसाठी पडलेला चेहरा काढला, तेव्हा ही वाढ थांबली. एका हसऱ्या चेहऱ्यावर इतकं अवलंबून असतं, यावर माझा स्वतःचा विश्वास बसायला वेळ लागला. पुढे २००८ मध्ये याच चमूतल्या मंडळींनी आणखी एक गंमत दाखवली. तुम्ही ऊर्जा का वाचवता, असं विचारलं तर ‘शेजारी करतात म्हणून’ हे कारण लोक सगळ्यात शेवटी सांगतात, आणि प्रत्यक्ष वागणुकीशी सगळ्यात घट्ट जुळणारं कारण तेच निघतं. त्यामुळे ‘कशानं तुम्ही वीज वाचवाल’ असा सर्व्हे घेऊन मोहीम आखू नका. लोक खोटं बोलत नाहीत, पण त्यांनाही ठाऊक नसतं.

हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत ओपॉवर कंपनीनं वीजकंपन्यांसाठी राबवली. सुमारे सहा लाख घरांवरच्या प्रयोगांचं विश्लेषण अर्थतज्ज्ञ हंट ऑलकॉट यांनी २०११ मध्ये केलं. सरासरी घट आली २ टक्के. आकडा छोटा वाटेल, पण एका छापील कागदाच्या मानानं तो मोठा आहे. त्याहून बोलका त्याच्या पोटातला तपशील: आधीपासून सगळ्यात जास्त वापरणाऱ्या दहा टक्के घरांत घट ६.३ टक्के, सगळ्यात कमी वापरणाऱ्यांत ०.३. म्हणजे दोनशे दारं सारख्या जोरानं ठोठावू नका. वरची वीस-तीस घरं गाठा. आणि तुलना करताना सारख्याची सारख्याशी करा. दोघं राहतात त्या घराला सहा जणांच्या घराशेजारी बसवलंत, तर ते कागद फाडून टाकतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

बक्षिसाबाबत मी थोडा कडवट आहे. १९७५ ते २०१२ या काळातल्या १५६ प्रयोगांचा एकत्र आढावा मॅगाली डेलमास आणि सहकाऱ्यांनी घेतला. सगळ्यांची सरासरी बचत ७.४ टक्के होती. हवामान, कुटुंबाची रचना वगैरेंचा हिशोब काटेकोर ठेवणाऱ्या अभ्यासांत मात्र ती २ टक्क्यांवर उतरली. पैशांची भाषा आणि पैशांची आमिषं वापरली, तिथे तुलनेनं वापर वाढलेला दिसला. नवल नाही. एखाद्या कुटुंबाला तुम्ही आकडा काढून दाखवलात आणि तो किरकोळ निघाला, की ते म्हणतात, एवढ्यासाठी कोण जीव टाकतो! लॉस एंजेलिसमधल्या एका प्रयोगात ११८ घरांपैकी काहींना बचतीच्या पैशांचा निरोप गेला, काहींना त्यांच्या वापरामुळे होणाऱ्या प्रदूषणाचा आणि मुलांच्या दम्याशी असलेल्या त्याच्या संबंधाचा. पहिल्या गटात काही हललं नाही. दुसऱ्यात वापर ८ टक्क्यांनी घटला, आणि मुलं असलेल्या घरांत १९ टक्क्यांनी. एका प्रयोगावर इमला बांधू नये, हे खरं. पण बक्षीस ठेवायचंच असेल तर व्यक्तीला ठेवण्यापेक्षा सगळ्या वसाहतीच्या एखाद्या सामायिक कामाला जोडा, आणि फार गाजावाजा करू नका.

लक्ष्य देणार असाल तर ते अंगावर येणारं द्या. १९७८ साली लॉरेन्स बेकर यांनी काही कुटुंबांना २ टक्के घटीचं लक्ष्य दिलं, काहींना २० टक्क्यांचं. त्यातल्या अर्ध्यांना आठवड्यातून तीनदा आपण कुठवर आलो ते कळत होतं. ज्यांना २० टक्क्यांचं लक्ष्य होतं आणि कळतही होतं, त्यांनी १३ ते १५ टक्के वाचवले. बाकी गटांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. दोन टक्क्यांच्या लक्ष्याला कोणी उठून काही करत नाही, आणि कुठवर आलो हे न कळणारं वीस टक्क्यांचं लक्ष्य हवेत राहतं. महिन्याचं बिल हे फार उशिराचं उत्तर असतं. आंघोळ आज, उत्तर पाच आठवड्यांनी, त्यात मधेच पाहुणे येऊन गेलेले. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी मीटरचं रीडिंग कागदावर लिहिणं याहून बरं. भिंतीवरचे चमकदार डिस्प्ले मी बरेच पाहिले आहेत. नव्याचे नऊ दिवस संपले की ते ड्रॉवरमध्ये जातात, बॅटरीसकट.

हा टिकण्याचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. २०१३ चा एक अभ्यास बघा. काही कुटुंबांना फक्त पोस्टकार्डं गेली: तुमच्या वीजवापराचा अभ्यास चालू आहे. ना सल्ला, ना आकडे. त्या महिन्यात त्यांचा वापर २.७ टक्क्यांनी घटला आणि पोस्टकार्डं थांबताच पूर्ववत झाला. कोणीतरी बघतंय, एवढ्यानंच घट येते. तुमच्या मोहिमेच्या पहिल्या महिन्यात थोडी घट आली असेल, तर ती यातलीच समजा. रोज आठवणीनं करायच्या गोष्टी आणि एकदाच करून विसरायच्या गोष्टी यांत मी डोळे मिटून दुसऱ्या निवडतो. शॉवरचं तोंड, गीझरचा टायमर, दारा-खिडक्यांच्या फटी बुजवणं, पाइपांना वेष्टण, पंखा बदलायची वेळ आलीच तर कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, म्हणजे बीएलडीसी पंखा. दिवे बंद करण्याची सवय माणसाबरोबर दमते. फट एकदा बुजली की बुजली.

वेळही साधायला हवी. इंग्लंडमधल्या एका प्रयोगात दिसलं, की घर बदलून आलेल्या कुटुंबांवर सवयी बदलण्याच्या मोहिमेचा परिणाम जास्त होतो, आणि तो पहिल्या तीन महिन्यांपुरता. तुमच्याकडे नवीन राहायला येणाऱ्यांना किल्ली देतानाच मीटरची चाचणी करून द्या. जुन्या रहिवाशांकडे फ्रिज बिघडला किंवा बाथरूमचं काम निघालं, की तो तुमचा मुहूर्त.

नवीन उपकरणांबद्दल मात्र डोळे उघडे ठेवा. मेक्सिकोत २००९ पासून जुने फ्रिज आणि एसी देऊन अनुदानावर नवे घ्यायची मोठी योजना राबवली गेली. फ्रिज बदललेल्या घरांत वापर ८ टक्क्यांनी घटला, म्हणजे अपेक्षेच्या सुमारे चौथ्या हिश्श्यानं. एसी बदललेल्या घरांत तो चक्क वाढला. नवा एसी चांगला चालतो, मग जास्त वेळ चालतो. १८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी कोळशाबद्दल हेच म्हटलं होतं, की यंत्रं काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी लागत नाही. घरांच्या बाबतीत मी इतका निराश नाही, तापवणीतल्या बचतीची अशी गळती बहुतेक अभ्यासांत ३० टक्क्यांच्या आत दिसते. पण जुना फ्रिज ‘असू दे जादाचा’ म्हणून मागच्या खोलीत चालू राहिला, तर सगळं मुसळ केरात. जुना उचलून नेण्याची सोय नसेल, तर नव्याची शिफारसच करू नका.

आणि काही घरांना काहीही सांगू नका. तुमच्या यादीत सगळ्यात तळाला असलेली घरं बहुतेक वेळा काटकसरी नसतात, अडचणीत असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये थंड प्रदेशांतल्या घरांसाठी किमान १८ अंश आतल्या तापमानाची शिफारस केली. वृद्ध माणूस पैसे वाचवण्यासाठी १४ अंशांत बसला असेल, किंवा उकाड्यात पंखाही लावत नसेल, तर त्याचा वापर वाढायला हवा. असं एखादं घर तुमच्या तक्त्यात ‘आदर्श’ म्हणून झळकवू नका.

भाड्याच्या घरांचं वेगळंच दुखणं: खर्च मालकानं करायचा, बिल भाडेकरूनं भरायचं. तिथे निरोप भाडेकरूला पाठवून उपयोग नाही, मालकाशीच बोला.

घरातल्या घरातही कोणाशी बोलता ते बघा. सभेला येतो तो एक माणूस, गीझर लावतो दुसराच, आणि एसीचा रिमोट असतो तिसऱ्याच्या उशाखाली. सभेला येणारा घरी जाऊन इतरांवर डाफरतो आणि ऊर्जाबचत हा घरातल्या भांडणाचा विषय होतो. मुलांना घरातले पोलीस करण्याची पद्धतही मला आवडत नाही. मीटरची लुकलुक मोजायला मात्र मुलांइतके उत्साही मदतनीस नाहीत. भेटीची वेळ सगळे घरी असताना घ्या.

शेवटी मोजणी, कारण पुढच्या वर्षी तुम्हाला कोणीतरी विचारेलच. यंदाचा वापर मागच्या महिन्याशी ताडू नका, हवामान बदलतं. गेल्या वर्षीचा तोच महिना घ्या, आणि तेही पुरेसं नाही. वरची तीस घरं निवडून त्यांच्यावर काम केलंत, तर पुढच्या वर्षी त्यांचा आकडा तुम्ही काही न करताही थोडा उतरेल, कारण त्यातली काही फक्त एका वाईट वर्षामुळे वर आलेली असतात. यावर सोपा मार्ग आहे. वरची साठ घरं काढा, चिठ्ठ्या टाकून तीस निवडा, पहिल्या वर्षी त्यांच्याकडेच जा आणि उरलेल्या तिसांकडे पुढच्या वर्षी. दोन्ही गटांच्या घटीतला फरक ही तुमची खरी कमाई. तो तीन-चार टक्के निघाला तर नाक मुरडू नका. वीस टक्के निघाला तर आधी रीडिंग पुन्हा तपासा.